उत्तेजक पॉप सादरीकरण: कला कुठे पाहायची, सक्षमीकरण कुठे तपासायचे

प्रश्न असा आहे की, तोकडे कपडे, लैंगिक सूचकता आणि मुद्दाम ओढवून घेतलेले वाद यांच्या बळावर गाजणाऱ्या पॉपतारकांना कलावंत मानायचे, स्त्रियांच्या सक्षमीकरणाच्या प्रतिनिधी मानायचे, की हा सारा निव्वळ विक्रीचा मामला समजायचा. मैफली आणि संगीत-व्हिडिओ यांचे नृत्यदिग्दर्शन हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय असल्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे वादविवादापेक्षा रोजच्या कामातूनच अधिक येतो. माझे मत आरंभीच सांगते. इथे दोन प्रश्न एकत्र गुंफले गेले आहेत, त्यांचे पुरावे वेगवेगळ्या जागी असतात आणि एकाचे उत्तर दुसऱ्यावरून काढता येत नाही. सादरीकरणात कला आहे की नाही हे रंगमंचाकडे पाहून ठरवता येते. ते सादर करणारी स्त्री सक्षम आहे की नाही हे रंगमंचावरून कळत नाही. त्यासाठी तालमीच्या खोलीत आणि करारनाम्यात डोकवावे लागते. विक्रीचे म्हणाल, तर तिकीट लावून होणाऱ्या प्रत्येक कलेत ती असतेच, त्यामुळे तिच्या असण्याने कोणतीच बाजू सिद्ध होत नाही.

आधी कलेविषयी. आमच्या कामात उत्तेजकता ही सर्वांत सहज हाती लागणारी सामग्री आहे. कंबर, नितंब आणि छाती यांच्या हालचाली आठ काउंटच्या, म्हणजे तालाच्या आठ मोजांच्या, चौकटीत बसवणे कोणत्याही प्रशिक्षित नर्तिकेला थोड्या वेळात जमते, आणि प्रेक्षागृहातून प्रतिसादही हमखास मिळतो. खरे काम त्यानंतर सुरू होते. ती हालचाल गाण्याच्या नेमक्या कोणत्या शब्दावर पडते, तिच्या आधीचा क्षण कसा आहे, ती करताना चेहरा शरीराला दुजोरा देतो की त्याची थट्टा करतो, नजर प्रेक्षकावर रोखलेली आहे की प्रेक्षकाने आपल्याला न्याहाळावे म्हणून बाजूला वळवलेली आहे, यावर सगळे अवलंबून असते. यांपैकी कशाचाही विचार न करता केलेली उत्तेजक हालचाल ही जाहिरात असते. तिच्यात अश्लील असे काही असेलच असे नाही, पण कलाही नसते.

१९९० साली अमेरिकी पॉपतारका मॅडोनाच्या 'ब्लाँड ॲम्बिशन' दौऱ्यातील एक प्रसंग या दृष्टीने जवळून पाहण्यासारखा आहे. १९८४ मध्ये एमटीव्ही या संगीत-वाहिनीच्या पहिल्याच व्हिडिओ पुरस्कार सोहळ्यात तिने वधूचा पांढरा वेश घालून 'लाइक अ व्हर्जिन' हे गाणे गायले होते आणि गाता गाता ती रंगमंचावर लोळली होती. (जाता जाता: जे गाणे स्त्रीच्या लैंगिक आत्मकथनाचा नमुना म्हणून गाजले ते बिली स्टाइनबर्ग आणि टॉम केली या दोन पुरुषांनी लिहिलेले आहे.) सहा वर्षांनी तेच गाणे तिने लाल मखमली पलंगावर आणले. चाल संथ केली, अंगावर ज्याँ पॉल गोतिए या वेशकाराने घडवलेला सोनेरी कॉर्सेट (छाती-कंबर आवळणारी घट्ट चोळी) चढवला, आणि पलंगाच्या दोन्ही बाजूंना दोन पुरुष नर्तक उभे केले, ज्यांच्या छातीवर लांब टोकदार शंकूच्या चोळ्या होत्या. ते दोघे स्वतःच्याच त्या खोट्या स्तनांवरून हात फिरवतात. गाण्याचा शेवट हस्तमैथुनाच्या अभिनयात होतो, आणि पुढच्याच क्षणी देखावा पालटून चर्चसारख्या जागेत येतो, जिथे ती गुडघे टेकते.

या प्रसंगात स्त्रीच्या छातीकडे पाहण्याची सवय लागलेल्या नजरेला पुरुषाच्या छातीवर अडकवलेले स्तन दाखवले जातात, तेव्हा त्या नजरेचाच देखावा होतो. वधूवेशातील स्वतःच्या जुन्या सादरीकरणाचे अवतरण इथे दिले आहे आणि ते मोडूनही दाखवले आहे. वासनेनंतर लगेच प्रार्थना ठेवल्यामुळे कॅथलिक संस्कारातील अपराधभाव कोणत्याही संवादाशिवाय समोर येतो. पलंगाचा प्रवेश आणि चर्चचा प्रवेश यांची अदलाबदल करून पाहा; सगळा अर्थ कोसळतो. क्रम बदलल्यावर ज्याचा अर्थ बदलतो त्याला रचना म्हणतात, आणि जिथे रचना आहे तिथे 'ही कला आहे का' हा प्रश्न संपलेला असतो. मग ती चांगली की वाईट, एवढेच ठरवायचे उरते. मे १९९० मध्ये टोरांटोच्या पोलिसांनी हा प्रवेश वगळला नाही तर अटक करू असे बजावले, आणि तिने वगळण्यास नकार दिला. प्रयोग काटछाट न करता झाला आणि अटकही झाली नाही. या नकाराला पुढे महत्त्व येणार आहे.

त्याहून जुने उदाहरण जोसेफिन बेकरचे आहे. १९२५ मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ही कृष्णवर्णीय अमेरिकी नर्तिका पॅरिसला आली आणि पुढच्या वर्षी तिथल्या फोली-बेर्जेर या रंजनगृहाच्या रंगमंचावर केळ्यांच्या घागऱ्यात नाचली. त्या घागऱ्यामागची कल्पना उघडउघड वसाहतवादी होती. गोऱ्या प्रेक्षकाला 'रानटी' स्त्री पाहायची होती आणि ती पुरवण्यात आली. मात्र उपलब्ध चित्रफिती नीट पाहिल्या तर दिसते की, शरीर सर्वाधिक मोहक होत असताना ती अचानक डोळे तिरळे करते, गाल फुगवते, गुडघे वेडेवाकडे फेकते. मोहात पडलेला प्रेक्षक हसतो आणि हसताना त्याची पकड सुटते. विनोदाचा हा वापर अत्यंत कौशल्याचा आहे, कारण कामुकता आणि विनोद एकाच काउंटवर पेलणे फार थोड्या शरीरांना साधते. कला म्हणून बेकरबद्दल मला तिळमात्र शंका नाही. घागऱ्याने तिला सक्षम केले का, याचे उत्तर मात्र मी 'नाही' असे देईन. तिची सत्ता मला १९५१ मध्ये मायामीत दिसते. तिथल्या एका नामांकित क्लबने कार्यक्रमाचे निमंत्रण दिले तेव्हा तिने अट घातली की प्रेक्षकांत वर्णभेद होणार नसेल तरच आपण गाऊ, आणि वर्णविभाजन सर्रास पाळणाऱ्या त्या शहरात क्लबला ती अट मान्य करावी लागली. ते कलम घागऱ्याइतके छायाचित्रांत दिसत नाही, हाच आपल्या चर्चेतला मोठा दोष आहे.

रंगमंचावर रचना असूनही ती प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही, असेही होते, आणि याला बहुधा कॅमेरा कारणीभूत असतो. २००३ च्या एमटीव्ही सोहळ्यात ब्रिटनी स्पिअर्स आणि क्रिस्टिना ॲगिलेरा या दोघी तरुण गायिका वधूवेशात आल्या, मॅडोना काळ्या पोशाखात वराच्या भूमिकेत होती, आणि तिने दोघींचे चुंबन घेतले. एकोणीस वर्षांपूर्वीच्या वधूने आता वर होऊन पुढच्या पिढीला आपल्या परंपरेत घ्यावे, ही कल्पना सुबक होती. पण प्रक्षेपणात काय झाले? ब्रिटनीचे चुंबन होताच चित्र प्रेक्षकांत बसलेल्या गायक जस्टिन टिंबरलेकच्या चेहऱ्यावर गेले, कारण तो तिचा पूर्वीचा प्रियकर होता, आणि त्या नादात ॲगिलेराचे चुंबन जवळजवळ निसटले. तीन स्त्रियांमध्ये घडणारी गोष्ट एका पुरुषाला काय वाटले याची गोष्ट झाली. नृत्यदिग्दर्शकाने वर्षभर विचार केला तरी दृश्य बदलणारी प्रक्षेपणाची खोली वेगळीच असते, म्हणून व्हिडिओचे काम घेताना मी पावलांच्या आधी शॉटची यादी मागते. चेहरा आणि शरीर एकाच चौकटीत असतील तर समोर एक व्यक्ती दिसते. मान कापून कंबर, कंबर कापून मांड्या, असे तुकडे पडू लागले की उत्तम नर्तिकाही वस्तू दिसू लागते, मग तिने मनात कितीही निर्धार ठेवलेला असो.

आता दुसरा प्रश्न. उत्तेजक सादरीकरण करणारी स्त्री सक्षम आहे का? यावर सर्वांत जास्त ऐकू येणारे उत्तर असे की, ती स्वतःच्या इच्छेने करते आहे, तिचा आत्मविश्वास दिसतो आहे, मग शंका कशाला. माझा व्यवसाय मला याच्या अगदी उलट शिकवतो. आत्मविश्वास ही आम्ही शिकवण्याची गोष्ट आहे. हनुवटी किती वर, खांदे कुठे, पाऊल टाकताना टाच आधी की चवडा आधी, नजर कोणत्या काउंटला कॅमेऱ्यावर रोखायची, हे सारे बसवले जाते, आणि घाबरलेल्या, आजारी किंवा अनिच्छुक कलाकाराकडूनही ते करून घेता येते. रंगमंचावर आपल्याला नेहमी 'हो' दिसतो. 'नाही' म्हणण्याची मुभा होती का, हे मात्र तिथून दिसण्याची सोय नाही.

ब्रिटनी स्पिअर्सच्या बाबतीत हे जितके स्पष्ट झाले तितके क्वचितच कोणाच्या बाबतीत झाले असेल. १९९८ मध्ये, सोळाव्या वर्षी, पहिल्याच व्हिडिओत शाळेचा गणवेश घालायची कल्पना तिची स्वतःची होती. म्हणजे सुरुवातीला तिच्या शब्दाला वजन होते. फेब्रुवारी २००८ पासून कॅलिफोर्नियातील न्यायालयाच्या आदेशाने तिची व्यक्तिगत आणि आर्थिक सूत्रे वडिलांसह न्यायालयाने नेमलेल्या संरक्षकांकडे गेली, आणि ही व्यवस्था नोव्हेंबर २०२१ पर्यंत टिकली. त्याच काळात, २०१३ च्या अखेरीपासून २०१७ च्या अखेरीपर्यंत, तिने लास वेगासमध्ये सुमारे अडीचशे प्रयोग केले. त्या प्रयोगांतील वेश आणि हालचाली आत्मविश्वासाने भरलेल्या, वर्चस्व गाजवणाऱ्या स्त्रीच्या होत्या, आणि कित्येकांनी त्यांचे वर्णन सक्षमीकरण असेच केले. स्वतःच्या पैशांवर आणि औषधोपचारांवर जिचा अधिकार नव्हता अशा स्त्रीचे ते वर्णन होते.

२३ जून २०२१ रोजी तिने न्यायालयात जे निवेदन केले त्यातला एक भाग आमच्या व्यवसायातील प्रत्येकाने पाठ करावा असा आहे. तिने सांगितले की, नव्या कार्यक्रमाच्या तालमीत तिने एका हालचालीला नकार दिला, तेव्हा जणू मोठा स्फोट घडवून आणल्यासारखी वागणूक तिला मिळाली. ती सहकार्य करत नाही अशी तक्रार झाली आणि त्यानंतर तिचे औषध बदलून लिथियम हे मनोविकारांवरचे प्रभावी औषध सुरू करण्यात आले. आपण कोणाच्या गुलाम नाही, नृत्यातल्या एखाद्या हालचालीला आपण नाही म्हणू शकतो, असे तिला न्यायाधीशांपुढे सांगावे लागले. तालमीच्या खोलीत हा नकार दिवसातून अनेकदा येतो. गुडघा दुखतो म्हणून, चाल पसंत नाही म्हणून, किंवा केवळ आज नको वाटते म्हणून नर्तिका एखादी हालचाल नाकारते आणि आम्ही दुसरी देतो. इतकी साधी गोष्ट जिला करता येत नव्हती तिच्या रंगमंचावरील देहबोलीवरून तिच्या स्वातंत्र्याविषयी काहीही म्हणणे व्यर्थ होते.

म्हणून माझी कसोटी अशी आहे: एखादी हालचाल, वेश किंवा शॉट नाकारूनही तिचे काम टिकते का? टोरांटोत मॅडोना पोलिसांना नाही म्हणू शकली, कारण दौरा तिचा होता आणि तिच्यावाचून तो होणार नव्हता. दोन वर्षांत तिने टाइम वॉर्नर या बड्या माध्यम-कंपनीबरोबर भागीदारीत 'मॅव्हरिक' ही कंपनी काढली. तिची सत्ता त्या शंकूच्या कॉर्सेटमध्ये शोधणाऱ्यांपेक्षा तिचे करार वाचणाऱ्यांना ती लवकर सापडेल. गायिका जॅनेट जॅक्सनने वडिलांकडून आपला कारभार काढून घेतला आणि १९८६ मध्ये 'कंट्रोल' हा अल्बम आणला, त्याचेही असेच आहे. त्या अल्बमची घोषणा पोकळ वाटत नाही, कारण तिच्यामागे कागदोपत्री घडलेला बदल होता.

पैशाचा मुद्दा वेगळा काढावा लागतो, कारण संदेश खरा, कलावंत बुद्धिमान, यश अफाट, आणि तरी हाती काहीच नाही, असेही घडते. १९९२ मध्ये टीएलसी या तीन तरुणींच्या गटाने कपड्यांवर रंगीबेरंगी निरोध लावून आणि लिसा लोपेसने चष्म्याच्या एका काचेवर निरोध चिकटवून एड्सच्या ऐन भीतीच्या काळात सुरक्षित संभोगाची गोष्ट किशोरवयीन मुलींपर्यंत नेली. उत्तेजक वेशाचा याहून नेमका आणि उपयोगी वापर मला तरी पॉप संगीतात दुसरा आठवत नाही. त्यांचा दुसरा अल्बम अमेरिकेत एक कोटी प्रतींच्या पुढे गेला. आणि त्याच यशाच्या भरात, १९९५ च्या उन्हाळ्यात, त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. ध्वनिमुद्रण, व्हिडिओ आणि प्रवास यांचा खर्च कलाकाराच्या वाट्यातून वळता करून घेणारे करार त्या काळी सर्रास होते, आजही आहेत. खर्च फिटेपर्यंत कलाकार कंपनीचा देणेकरी राहतो. श्रोत्या मुलींना त्या तिघींकडून बळ मिळाले असेल, नव्हे मिळालेच, पण ते बळ देणाऱ्यांकडे स्वतः ते नव्हते. सक्षमीकरण कोणाचे, हे विचारल्याशिवाय या विषयावर एक वाक्यही पुढे जाऊ नये, असे मला वाटते ते यामुळेच.

वादाची किंमत कोण मोजतो, हाही याच हिशेबातला भाग आहे. १ फेब्रुवारी २००४ रोजी सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात टिंबरलेकने जॅनेट जॅक्सनच्या वेशाचा तुकडा ओढला आणि तिचा एक स्तन सेकंदाच्या सोळापैकी नऊ भाग इतका वेळ उघडा दिसला. अमेरिकी दूरसंचार आयोगाने प्रक्षेपण करणाऱ्या सीबीएस या वाहिनीला साडेपाच लाख डॉलर दंड केला, जो पुढे न्यायालयांत टिकला नाही. पण आठवड्याभरात झालेल्या ग्रॅमी सोहळ्यात टिंबरलेक उपस्थित होता आणि पुरस्कार घेऊन गेला, जॅनेट नव्हती. २०१८ मध्ये त्याच मध्यंतराचा मुख्य कलाकार म्हणून त्याला पुन्हा बोलावले गेले, आणि तिची जाहीर माफी त्याने मागितली ती २०२१ मध्ये. त्याच एका हालचालीत ओढणारा हात पुरुषाचा होता आणि उघडे पडलेले शरीर कृष्णवर्णीय स्त्रीचे. दोघांच्या वाट्याला आलेल्या परिणामांतील अंतर पाहिले की 'धाडस' हा गुण सर्वांना एकाच भावात मिळत नाही हे कळते. गोऱ्या तारकेची चिथावणी बंडखोरी ठरते आणि तीच हालचाल कृष्णवर्णीय स्त्रीने केली की तिच्या जातकुळीचा स्वभाव ठरते, ही तक्रार अमेरिकेतील कृष्णवर्णीय नर्तिका पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत, आणि ती खरी आहे.

पुरुषांविषयी थोडक्यात. जानेवारी १९५७ मध्ये एड सलिव्हनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गायक एल्विस प्रेस्लीला कमरेच्या वरच दाखवण्यात आले, इतकी त्याच्या नितंबांची धास्ती होती. त्याच्यावर अश्लीलतेचा आरोप झाला, पण त्याच्या हालचालींमुळे पुरुषजातीचे सक्षमीकरण होते का, असे कोणी विचारले नाही. पुरुषाने केवळ स्वतःसाठी नाचायचे आणि स्त्रीने सर्व स्त्रियांच्या वतीने, ही अपेक्षाच मुळात अन्याय्य आहे.

असे असले तरी जी तारका स्वतःहून सर्व स्त्रियांच्या नावाने बोलते तिला तो प्रश्न विचारणे योग्यच आहे. डिसेंबर १९९० मध्ये अमेरिकी समीक्षक कमिल पाग्लिया यांनी मॅडोनाला खरी स्त्रीवादी म्हटले. तिने तरुणींना आकर्षक राहूनही आपल्या आयुष्याची सूत्रे हाती ठेवायला शिकवले, असे त्यांचे म्हणणे होते. दोन वर्षांनी कृष्णवर्णीय स्त्रीवादी लेखिका बेल हुक्स यांनी नेमका प्रतिवाद केला की, कृष्णवर्णीय आणि समलिंगी लोकांच्या संस्कृतीतून मॅडोना जे उचलते त्याचे श्रेय आणि लाभ तिच्याकडेच राहतात. व्होगिंग हा नृत्यप्रकार न्यूयॉर्कमधील हार्लेमच्या बॉलरूममध्ये, म्हणजे कृष्णवर्णीय आणि समलिंगी लोकांच्या नृत्यस्पर्धांत, घडला आणि जगाला तो तिच्या नावाने माहीत झाला, हे पाहता हुक्स यांचे म्हणणे खोडून काढणे कठीण आहे, जरी तिने त्या वर्तुळातील नर्तकांनाच कामावर घेतले होते हेही नमूद केले पाहिजे. २०१४ मध्ये हुक्स यांनी गायिका बियॉन्सेच्या प्रतिमेचा तरुण मुलींवर होणारा परिणाम फार कठोर शब्दांत धिक्कारला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बियॉन्से एमटीव्हीच्या रंगमंचावर 'फेमिनिस्ट' या भल्यामोठ्या प्रकाशमान अक्षरांपुढे पाय रोवून उभी राहिली. मला हुक्स आणि बियॉन्से या दोघींचेही अंशतः पटते. वडिलांचे व्यवस्थापन सोडून स्वतःच्या कंपनीमार्फत काम करणारी बियॉन्से माझ्या कसोटीला पूर्ण उतरते. तिला नाही म्हणता येते. मात्र एका स्त्रीला मिळालेले नाही म्हणण्याचे बळ प्रतिमेतून दुसरीपर्यंत पोहोचत नाही. प्रतिमेतून पोहोचते ते रूप, आणि ते रूप मिळवण्याचा खर्च.

'ही तिची निवड आहे' या युक्तिवादावर तरुण गायिका बिली आयलिशच्या अनुभवाइतके चांगले उत्तर नाही. आपल्या शरीरावर कोणाला मत देता येऊ नये म्हणून आपण ढगळ कपडे घालतो असे तिने २०१९ मध्ये सांगितले, तेव्हा तिचे कौतुक इतर मुलींना हिणवण्यासाठी वापरले गेले. मे २०२१ मध्ये ती ब्रिटिश व्होगच्या मुखपृष्ठावर कॉर्सेटमध्ये दिसली, तेव्हा तिने स्वतःला विकले असा ओरडा झाला. दोन्ही निवडी तिच्याच होत्या आणि दोन्ही वेळा न्यायनिवाडा इतरांनी केला. झाकण्याने मुक्ती मिळत नाही आणि उघडण्यानेही नाही, कारण कापडाची लांबी हा सत्तेचे मोजमापच नाही. निवड खरी असायला हवी हे मान्य. पण ज्या बाजारात एका पर्यायाला प्रसिद्धी आणि पैसा मिळतो व दुसऱ्याला शांतता, तिथे केलेली निवड स्वतंत्र असली तरी निरपेक्ष नसते. नवोदित गायिकेला 'थोडे बोल्ड ठेवू या' असे चारचौघांत हसत सुचवले जाते, तेव्हा ती हसतच हो म्हणते, आणि त्या हसण्याची नोंद पुढे निवड म्हणून होते.

याच कारणाने मी तालमीत काही गोष्टी कटाक्षाने पाळते. ज्या प्रवेशात स्पर्श किंवा लैंगिक अभिनय आहे त्याची दोन रूपे बसवते, दोन्ही सारख्याच मेहनतीने, म्हणजे सौम्य रूप ही शिक्षा वाटू नये. पसंती सर्वांसमोर विचारत नाही. कलाकाराने ती मला एकटीला आणि कारण न देता कळवावी, असा नियम असतो. प्रयोगाच्या दिवशी मत बदलले तर तेही चालते. चित्रपट आणि मालिकांत २०१८ नंतर अशा दृश्यांसाठी इंटिमसी कोऑर्डिनेटर (कलाकारांची संमती सांभाळणारी व्यक्ती) नेमण्याची पद्धत रुळू लागली. मैफलींच्या जगात ती अजून फारशी आलेली नाही, आणि तिथे हा भार नृत्यदिग्दर्शकाच्या विवेकावर सोडला जातो. निर्माते याला वेळेचा अपव्यय म्हणतात. माझा अनुभव असा की, ज्यांना नाही म्हणता येते हे ठाऊक असते तेच कलाकार हो म्हटल्यावर अधिक धीटपणे काम करतात, आणि तो धीटपणा आम्ही शिकवलेल्या हनुवटीच्या कोनाहून वेगळा दिसतो.

आणि तारकेच्या मागे नाचणाऱ्यांचे काय? ज्या 'ब्लाँड ॲम्बिशन' दौऱ्याची मी वर स्तुती केली, त्यावरील १९९१ च्या माहितीपटाबाबत तीन नर्तकांनी पुढच्या वर्षी मॅडोनाविरुद्ध दावा केला, जो नंतर आपसात मिटला. त्यांच्यापैकी एकाचे म्हणणे होते की, आपले समलिंगी असणे जगजाहीर करणारे चुंबनाचे दृश्य वगळावे अशी विनंती त्याने केली होती आणि ती मानली गेली नाही. दाव्याचा निकाल लागला नसल्याने कोण बरोबर हे मी सांगणार नाही. परंतु पोलिसांना नाही म्हणणारी तारका आणि नाही ऐकले गेले नाही असे म्हणणारा तिचा नर्तक एकाच रंगमंचावर होते, एवढे खरे.

शेवटी अगदी अलीकडचे एक उदाहरण या दोन्ही कसोट्यांना लावून पाहू. जून २०२५ मध्ये अमेरिकी गायिका सबरीना कार्पेंटरने आपल्या नव्या अल्बमचे मुखपृष्ठ प्रसिद्ध केले. ती काळ्या वेशात गुडघ्यांवर आहे, सुटातल्या एका पुरुषाचा चेहरा चौकटीबाहेर आहे आणि त्याने तिचे केस मुठीत धरले आहेत. अल्बमच्या नावात, 'मॅन्स बेस्ट फ्रेंड' यात, कुत्र्यासाठी वापरला जाणारा प्रचलित इंग्रजी वाक्प्रचार आहे. स्त्रियांसाठी काम करणाऱ्या काही संस्थांनी हिंसाचाराचे सौंदर्यीकरण म्हणून त्यावर टीका केली, चाहत्यांनी उपहास म्हणून बचाव केला, आणि तिने 'देवाने मान्यता दिलेले' असा टोमणा मारत पर्यायी मुखपृष्ठ आणले. सत्तेच्या बाजूने मला इथे आक्षेप दिसत नाही. गाणी लिहिण्यात तिचा वाटा असतो, पर्याय देण्याची मोकळीक तिला आहे आणि टीकेला उत्तरही तिनेच दिले. माझा आक्षेप कारागिरीचा आहे. उपहासाला वेळ लागतो. आधी एक गोष्ट खरी भासवायची आणि मग ती उलटवायची, यासाठी निदान दोन क्षण हवेत. बेकरकडे तिरळ्या डोळ्यांचा दुसरा क्षण होता, मॅडोनाकडे पुढचा प्रवेश होता. एका स्थिर छायाचित्रात असा दुसरा क्षण मिळत नाही, म्हणून उलटवण्याचे सगळे काम शीर्षकावर येऊन पडते, आणि हे शीर्षक ते पेलत नाही. कॅमेऱ्याकडे वळलेली तिची नजर थोडी मदत करते, पण ती नजर थट्टा करते आहे की आर्जव, हे चित्रातून ठरत नाही. तिच्या मंचावरच्या कामात विनोदाची वेळ अचूक साधलेली असते, म्हणून हे मुखपृष्ठ मी तिच्या दुबळ्या कामांत धरेन.